मैत्रिणीने इस्तंबूलहून लोकुमचा, म्हणजे तिथल्या एका मिठाईच्या वड्यांचा डबा आणलाय, पण घरात सगळ्यांना फारच गोड लागतोय. तुर्की लोक हे कॉफीबरोबर नेमकं कसं खातात?

डबा टीव्हीसमोर उघडून एकामागून एक वड्या तोंडात टाकल्या असतील, तर गोडाने तोंड फिरणारच. मीही इस्तंबूलच्या पहिल्या दिवशी हेच केलं आणि तिसऱ्या वडीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी एमिनोन्यूच्या एका गल्लीत कॉफी मागवली. पितळी ट्रेमध्ये अर्ध्या वाटीएवढा कप, पाण्याचा ग्लास आणि छोट्या बशीत लोकुमची एकच वडी. एकच! तिथे कॉफीची ऑर्डर देतानाच साखरेचं सांगावं लागतं, कारण साखर ही कॉफीची पूड आणि पाण्याबरोबरच जेझवेत, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात पडते. 'सादे' म्हणजे बिनसाखरेची, 'ओर्ता' म्हणजे मध्यम. लोकुम असेल तर डोळे मिटून 'सादे' सांगा. आधी पाण्याचा घोट, मग कडू कॉफी, मग वडीचा जेमतेम एक तुकडा, पुन्हा कॉफी. एक वडी अख्ख्या कपाला पुरते, आणि घरी जी बोचत होती तीच गोडी इथे हवीहवीशी वाटते.

दोन चुका मात्र मी केल्या. चमचा मागून कॉफी ढवळली, वर शेवटचा घोटही प्यायले. तळाशी बसलेला गाळ दातांत, जिभेवर, सगळीकडे. तो गाळ कपातच ठेवायचा असतो. कप बशीवर उपडा करून त्यातून भविष्य सांगणारेही आहेत. आणि वडी तोंडाजवळ नेताना श्वास आत घेऊ नका, वरच्या पिठीसाखरेने असा ठसका लागतो की विचारू नका.

लोकुम म्हणजे मुळात साखर, पाणी आणि स्टार्च, मंद आचेवर खूप वेळ ढवळलेलं. आपला कॉर्नफ्लोअरचा बॉम्बे हलवा आठवेल, पण यात तूप नसतं, म्हणून ते हलकं आणि जरा चिकट लागतं. जुनं नाव 'राहत-उल हुलकुम', म्हणजे घशाला आराम. गुलाबाचं सगळ्यांना माहीत असतं. माझं मत विचाराल तर पिस्त्याचं 'चिफ्ते कव्रुलमुश' घ्या. ते जास्त आटवलेलं, घट्ट, आणि पिस्त्यामुळे गोडीही दबते. साफ्रानबोलू गावाचं केशर घातलेलं लोकुमही छान असतं.

घरी करायची तर चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी नको, निव्वळ कॉफी अगदी मैद्यासारखी दळून घ्या. एका छोट्या कपाला एक भरलेला चमचा, गार पाण्यात कालवून बारीक आचेवर ठेवा. फेस वर चढला की उकळी फुटायच्या आत उतरवा. फेस गेला तर तुर्की पाहुणा काही बोलणार नाही, पण बघेल नक्की.

आणि तो डबा फ्रिजमध्ये ठेवला असेल तर आधी बाहेर काढा. ओल धरली की वरची साखर विरघळते आणि सगळ्या वड्यांचा एक गोळा होतो.