‘आपण सगळे रिपब्लिकन, आपण सगळे फेडरलिस्ट’: हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न: थॉमस जेफरसनने ४ मार्च १८०१ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेताना केलेल्या भाषणातलं ‘वी आर ऑल रिपब्लिकन्स, वी आर ऑल फेडरलिस्ट्स’ हे वाक्य मराठीत दोन तऱ्हांनी आढळतं. एक, ‘आपण सगळे रिपब्लिकन, आपण सगळे फेडरलिस्ट’. दुसरं, ‘आपण सगळे प्रजासत्ताकवादी, आपण सगळे संघराज्यवादी’. यातलं योग्य कोणतं?

उत्तर: दुसरं अर्थाच्या जवळ आहे, पण त्यातला ‘संघराज्यवादी’ घात करतो. पहिलं मात्र सरळसरळ फसवं आहे.

पहिलं वाचणाऱ्याला वाटतं, नवा अध्यक्ष म्हणतोय, झालं गेलं विसरा, दोन्ही पक्ष आपलेच. तसं वाटण्याजोगी परिस्थितीही होती. त्या काळी प्रत्येक निर्वाचक (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेला मतदार) अध्यक्षपदासाठी दोन नावांना मत देई. कोणतं मत अध्यक्षासाठी आणि कोणतं उपाध्यक्षासाठी, हे सांगायची सोय नव्हती. जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षाचे निर्वाचक इतके शिस्तीत वागले की जेफरसन आणि त्याचाच जोडीदार ॲरन बर या दोघांनाही ७३ मतं पडली. फेडरलिस्ट पक्षाचे मावळते अध्यक्ष जॉन ॲडम्स ६५ वर राहिले. बरोबरी झाल्यामुळे प्रकरण प्रतिनिधिगृहात गेलं. तिथे राज्यागणिक एक मत, राज्यं १६, बहुमताला ९ हवीत, आणि जेफरसनकडे ८. फेडरलिस्टांनी बरला उचलून धरलं. शेवटी १७ फेब्रुवारीला, ३६ व्या फेरीत, काही फेडरलिस्टांनी माघार घेतली आणि गाडं सुटलं. ही खोट पुढे १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने काढली. १७ फेब्रुवारीला निकाल लागला तेव्हा शपथविधीला जेमतेम पंधरवडा उरला होता, त्यामुळे भाषणात समेटाचा सूर असणं साहजिकच होतं.

पण समेट कशावर, हे पुढचं वाक्य सांगतं. आधी तो म्हणतो की प्रत्येक मतभेद हा तत्त्वभेद नसतो. एकाच तत्त्वाच्या भावांना आपण वेगवेगळी नावं दिली. मग हे वाक्य येतं. आणि लगेच, आशय असा: आपल्यात कुणाला हा राज्यांचा संघ मोडावा किंवा त्याचं प्रजासत्ताक रूप बदलावं असं वाटत असेल, तर त्यांनाही कुणी हात लावू नये. संघ मोडणं हे ‘फेडरलिस्ट’च्या उलट, प्रजासत्ताक रूप बदलणं हे ‘रिपब्लिकन’च्या उलट. दोन्ही शब्दांचा अर्थ त्याने स्वतःच असा बांधून दिला आहे. म्हणजे राजा कुणालाच नको आहे आणि राज्यांची फाटाफूटही कुणालाच नको आहे, एवढंच विधान. फेडरलिस्ट पक्षाची धोरणं मान्य असल्याचं त्यात कुठेच नाही.

इथे बरेच जण लहान-मोठ्या अक्षरांचा पुरावा देतात: जेफरसनच्या हस्तलिखितात दोन्ही शब्द लहान अक्षरांनी सुरू होतात, नंतरच्या अनेक छापील प्रतींत मोठी अक्षरं आली आणि तत्त्वांची पक्षनावं झाली. माहिती खरी असली तरी पुरावा लंगडा आहे. जेफरसन मोठ्या अक्षरांच्या बाबतीत भलताच कंजूष होता. वाक्यसुद्धा लहान अक्षराने सुरू करी, आणि पत्रांतून पक्षांची नावंही तशीच लिही. भरवसा ठेवायचा तो पुढच्या वाक्यावर. देवनागरीत तर हा भेद दाखवायची सोयच नाही, तेव्हा मराठीत तो शब्दनिवडीनेच दाखवावा लागतो: पक्ष असेल तिथे नाव जसंच्या तसं, तत्त्व असेल तिथे भाषांतर.

आता ‘संघराज्यवादी’. आज आपल्याकडे हा शब्द कानावर आला की केंद्रासमोर राज्यांचे हक्क मांडणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. १७९० च्या दशकातले फेडरलिस्ट नेमके उलटे होते. त्यांचा म्होरक्या, अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने १७९० मध्ये राज्यांची युद्धकर्जं केंद्राच्या खात्यावर घेतली आणि १७९१ मध्ये एक कोटी डॉलर भांडवलाची राष्ट्रीय बँक उभी केली. उलट १७९८ मध्ये केंद्राच्या कायद्यांविरुद्ध राज्यांचा अधिकार सांगणारे केंटकी राज्याचे ठराव जेफरसनने (नाव गुप्त ठेवून) लिहिले. आजच्या मराठी अर्थाने बघायला गेलं तर संघराज्यवादी जेफरसनच ठरेल! ‘संघवादी’ तर महाराष्ट्रात लिहूच नये. वाचक थेट नागपूरला पोचतो. गंमत म्हणजे ‘रिपब्लिकन’ही त्याला तिथेच नेतो, कारण आपला रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये नागपुरातच स्थापन झाला.

भाषांतर आंधळेपणाने केलं तर काय होतं, याचा नमुना जेफरसनच्याच एका पत्रात आहे. १८०२ मध्ये आपला ॲटर्नी जनरल लेव्ही लिंकन याला तो लिहितो की ‘फेडरलिझम’ अशा गर्तेत बुडवायचा आहे की तो पुन्हा उठता कामा नये. इथे ‘संघराज्यवाद बुडवायचा आहे’ असं लिहिलं, तर दीड वर्षापूर्वी ‘आपण सगळे संघराज्यवादी’ म्हणणारा माणूस ढोंगी तरी ठरतो किंवा वेडा तरी. ‘फेडरलिस्टांचं राजकारण’ लिहिलं की गुंता सुटतो.

सालाकडेही लक्ष हवं. १७८७-८८ मधला ‘फेडरलिस्ट’ म्हणजे नव्या राज्यघटनेचा समर्थक, पक्षाचा सभासद नव्हे. त्या घटनेचा एक शिल्पकार जेम्स मॅडिसन त्या अर्थाने पक्का फेडरलिस्ट. चारेक वर्षांत तोच जेफरसनबरोबर विरोधी पक्ष बांधत होता. त्याने बाजू बदलली की शब्दाने, हा वाद बाजूला ठेवू. मराठीत १७८८ साठी ‘घटना-समर्थक’ लिहिलं की काम भागतं.

मूळ वाक्यासाठी मी हे सुचवेन: ‘प्रजासत्ताक आपल्या सगळ्यांनाच हवं आहे, राज्यांचा संघही आपल्या सगळ्यांनाच हवा आहे.’ मूळचा श्लेष यात मरतो, हे कबूल. श्रोत्यांच्या कानावर पक्षांची नावंही पडत होतीच, आणि जेफरसनला ते ठाऊक होतं. तो श्लेष राखायचा असेल, तर आधीच्या वाक्यात भर घालावी: ‘एकाच तत्त्वाच्या भावांना आपण रिपब्लिकन आणि फेडरलिस्ट अशी वेगवेगळी नावं दिली.’ मूळ वाक्यात ही नावं नाहीत, म्हणून तळटीप द्यावी. भाषणाचा मराठी तर्जुमा करणाऱ्याने एवढी मोकळीक घ्यायला हरकत नाही. अवतरण म्हणून देताना घेऊ नये.

पक्षाचा उल्लेख पहिल्यांदा येईल तिथे ‘जेफरसनचा रिपब्लिकन पक्ष’ असं लिहून, आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ चा आणि वेगळा आहे, हे कंसात सांगून टाकावं. उलट आजचा डेमोक्रॅटिक पक्ष आपली वंशावळ जेफरसनपर्यंत नेतो. ‘डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन’ हे जोडनाव गोंधळ टाळायला सोयीचं असल्यामुळे पाठ्यपुस्तकांत रुळलं आहे, पण ते जेफरसनच्या तोंडी घालू नये. तो स्वतःच्या लोकांना नुसतं ‘रिपब्लिकन’ म्हणे. ‘डेमोक्रॅट’ हा शब्द तेव्हा फेडरलिस्ट मंडळी त्यांना हिणवायला वापरत, ‘जॅकोबिन’च्या (फ्रेंच क्रांतीतले जहाल) जोडीने.