वाचकांचे प्रश्न : गवंडीकाम शाळेत शिकवता येईल का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आमच्या भागात गवंडी मिळत नसल्याने घरांची कामे महिनोन्महिने रखडतात, तर दहावी-बारावी झालेली मुले घरी रिकामी बसलेली असतात. शाळेत प्रत्यक्ष हाताने काम करण्याचे शिक्षण दिले, तर ही टंचाई कमी होईल का?

उत्तर : होऊ शकेल, पण त्यासाठी शाळेतले काम खरे असावे लागेल आणि मुलाला त्यापुढची वाटही खुली असावी लागेल.

मजूर अड्ड्यावर बिगारी मिळतो, परंतु ओळंब्यात (दोरीला बांधलेल्या वजनाने तपासून, अगदी सरळ उभी) भिंत उचलणारा किंवा गिलाव्याची पातळी एकसारखी राखणारा मिस्त्री सहसा मिळत नाही. आपल्याकडे गवंडी घडतो तो बहुधा बिगारकाम करता करता : काही वर्षे घमेली वाहायची, माल कालवायचा आणि मिस्त्री जेवायला बसला की त्याची थापी हातात घेऊन पाहायची. ब्रासवर किंवा चौरस फुटावर काम घेतलेल्या ठेकेदाराला नवख्याच्या हाती थापी देऊन दिवस खोटी करणे परवडत नाही, शिवाय शिकवून तयार केलेला माणूस उद्या दुसऱ्याच्या कामावर जाईल, ही धास्तीही असतेच. पूर्वी गवंड्याचा मुलगा बापाच्या हाताखाली तयार होई. आता तोच बाप मुलाला या धंद्यापासून दूर ठेवू पाहतो, आणि उन्हातान्हातले, बिनभरवशाचे काम पाहता त्याला बोल लावता येणार नाही. म्हणूनच, जिथे चुकण्याची मुभा आहे आणि चुकल्यावर कोणाचा रोज बुडत नाही, अशी शिकण्याची जागा हवी.

चांगल्या प्रशिक्षणात मुलांना सिमेंटऐवजी माती किंवा चुना-वाळूच्या मालात भिंत रचायला देतात, म्हणजे तपासणी झाल्यावर ती उतरवून त्याच विटा पुन्हा वापरता येतात. तेवढ्यात बरेच काही शिकून होते. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते आणि सांधा कच्चा राहतो, हे फळ्यावर लिहून देता येते. पण एक भिजवलेली आणि एक कोरडी वीट बसवून थोड्या वेळाने दोन्ही उचलून पाहिल्या, की ते मुलाला कायमचे कळते. सांधेमोड (वरच्या थरातला उभा सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ न देणे) का करायची, दोरी कशी ताणायची, ओळंबा कुठे धरायचा, हेही तसेच. भारतीय मानकानुसार विटांच्या भिंतीचा कल ३ मीटर उंचीत ६ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. एवढी अचूकता हाताला सवय होऊनच येते आणि त्यासाठी तीच भिंत अनेकदा बांधावी लागते. गणिताच्या शिक्षकांनीही यात उतरावे, असे मला मनापासून वाटते, कारण पायाची आखणी करताना ३-४-५ च्या मापाने काटकोन काढणारा मुलगा पायथागोरसचा सिद्धान्त वापरत असतो.

आपल्याच राज्यात याचा पाया घातलेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून पुढे आलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञाना’च्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस कार्यशाळेत आणि शेतावर काम करतात, आणि गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरवतात. या पद्धतीचे बळ मला इथेच दिसते. वापरात येणारा ओटा किंवा पाण्याची टाकी बांधताना मूल जी काळजी घेते, ती निव्वळ गुणांसाठी केलेल्या नमुन्यात घेत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातील ४५ दिवसांच्या गवंडी प्रशिक्षणातही शिकाऊ माणसे प्रत्यक्ष लाभार्थीचे घर बांधतच शिकतात.

आपल्या शाळेत आरंभ करताना गावातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रीला मानधन देऊन शिकवायला बोलवावे. ते काम पुस्तक वाचलेल्या शिक्षकावर सोपवू नये. परांचीवर किंवा उंच भिंतीवर मुलांना चढवू नये, कारण शाळकरी वयात जमिनीवरचे काम पुष्कळ आहे.

पुढच्या वाटेचा प्रश्न मात्र शाळेच्या हातातला नाही. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने किमान अडीच टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे असतात. परंतु प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी बिगाऱ्याचीच मजुरी मिळाली, तर पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ तिकडे फिरकणार नाही. बांधकाम व्यावसायिकांनी शिकलेल्या कारागिराचा दर आधीच ठरवून जाहीर केला, तर शाळांच्या खटपटीला अर्थ येईल.

प्रश्न : मी बारा वर्षे बांधकामावर बिगारी आहे. बाईला गवंडी होता येते का?

उत्तर : ताई, निश्चित येते. झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात शौचालये बांधण्याचे काम बायकांनी शिकून घेतले आणि तिथे त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणून ओळखतात. मालाचे प्रमाण, भिजवण, पाणी मारणे हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. राहिला आहे तो थापी आणि ओळंब्याचा सराव, आणि तो करू देणारा मिस्त्री. मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी केलेली नसल्यास आधी ती करावी, आणि कौशल्य प्रशिक्षण तसेच पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी सोय आपल्या जिल्ह्यात कुठे आहे, याची चौकशी जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात करावी.