मार्च मॅडनेसमध्ये निकाल रेफरी ठरवतात का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्चमधल्या स्पर्धेत, म्हणजे 'मार्च मॅडनेस'मध्ये, रेफरींच्या फाऊलमुळे निकाल फिरतो, की ते हरणाऱ्यांचं रडगाणं असतं. फिरतो, हे आधीच सांगून टाकतो. पण ज्या शेवटच्या शिट्टीवरून लोक वर्षानुवर्षं भांडतात, तिच्यापेक्षा पहिल्या दहा मिनिटांतली एखादी किरकोळ शिट्टी जास्त महागात पडते. तिची आठवणसुद्धा कुणाला राहत नाही.

मी बारा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहतो. मार्चमध्ये इथल्या ऑफिसांत काम होतं असं म्हणायला धाडस लागतं. पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये होतो (बहुतेक वेळ बेंचवर), त्या भांडवलावर इथे शनिवारी सकाळी बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या मॅचेसना रेफरी म्हणून उभा राहतो. त्यामुळे माझं मत थोडं शिट्टीवाल्यांच्या बाजूला झुकलेलं आहे, ते धरून वाचा.

सगळे उदाहरण देतात ते 2019 च्या सेमीफायनलचं, मिनियापोलिसमधलं. ऑबर्न 62, व्हर्जिनिया 60. कोपऱ्यातून काइल गायने तीन पॉइंटचा शॉट मारला, तो चुकला, आणि 0.6 सेकंद बाकी असताना शिट्टी वाजली. समीर डाउटीचा फाऊल (नाव समीर, पण आपल्याकडचा नव्हे). गायने तिन्ही फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे, एकेका पॉइंटचे शॉट) टाकले, 63-62, आणि दोन दिवसांनी व्हर्जिनिया चॅम्पियन. "अशा वेळी फाऊल देतात का?" म्हणून केवढा गहजब झाला! पण ती शिट्टी बरोबर होती. शॉट मारणाऱ्याला खाली उतरायला जागा द्यावी लागते, डाउटी त्याच्या अंगात घुसला होता. चुकली ती त्याच्या काही सेकंद आधीची, न वाजलेली शिट्टी. व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा बॉल स्वतःच्याच पायाला लागून सुटला, त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा ड्रिबल सुरू केलं. सरळसरळ डबल ड्रिबल: टप्पे मारणं थांबवून बॉल दोन्ही हातांत घेतला की पुन्हा टप्पे मारता येत नाहीत. ते दिलं असतं तर बॉल ऑबर्नचा, आणि सामना जवळपास संपलाच होता. म्हणजे शिव्या बसल्या त्या बरोबर निर्णयाला.

म्हणूनच "शेवटच्या क्षणी रेफरीने मध्ये पडू नये" हे मला पटत नाही. शिट्टी न वाजवणं हाही निर्णयच असतो, फरक इतकाच की त्याचा फायदा दुसऱ्या टीमला होतो.

आता माझ्या मुद्द्याचा सामना: 2017 ची फायनल, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध गोन्झागा. एकूण 44 फाऊल, दोन्हीकडे 22-22. आकडे बघून वाटेल, चला, समसमान झालं. तसं नसतं. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, त्यामुळे फाऊल किती यापेक्षा कुणाचे आणि कधी, याला महत्त्व आहे. गोन्झागाचा झॅक कॉलिन्स हा उंच पोरगा त्याच वर्षी एनबीएच्या (व्यावसायिक लीगच्या) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. फायनलमध्ये तो खेळला जेमतेम 14 मिनिटं, आणि साधारण पाच मिनिटं बाकी असताना पाचवा फाऊल होऊन बाहेर गेला. तो नसताना बास्केटखाली आमच्या कॅरोलायनाच्या लोकांना रान मोकळं. शेवटच्या मिनिटात झटापटीत कॅरोलायनाच्या केनेडी मीक्सचा हात रेषेबाहेर टेकला होता, रीप्लेमध्ये स्वच्छ दिसलं. रेफरींना दिसलं नाही, बॉल कॅरोलायनाकडेच राहिला. आमच्या हॉलमध्ये त्या विषयावर कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

टीमच्या फाऊलचं गणित वेगळंच. पुरुषांच्या सामन्यात हाफमधल्या सातव्या फाऊलपासून समोरच्याला फ्री थ्रो मिळतो, तो पडला तर दुसरा; दहाव्यापासून सरळ दोन. सुरुवातीला कडक शिट्टी वाजली की हा कोटा लवकर संपतो, आणि मग बचाव करणारे हात आखडता घेतात.

फिक्सिंगची शंका तुम्ही घेतली नाहीत, पण कुणीतरी घेणारच. स्पर्धेतले रेफरी वेगवेगळ्या कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या गटांमधून) येतात, प्रत्येक फेरीनंतर त्यांचं काम तपासलं जातं आणि पुढच्या फेरीला थोडेच उरतात. चुका केल्या तर त्यांचीच स्पर्धा संपते. खरी गोची अशी की एका कॉन्फरन्सच्या पोरांना वर्षभर धक्काबुक्कीची सवय असते, दुसरीकडच्यांना नसते. आजचे तीन रेफरी काय चालवून घेतात हे कळेपर्यंत एखाद्याचे दोन फाऊल झालेले असतात.

आणि दोन फाऊल झाले की पुढचं नुकसान बहुतेकदा कोचच करतो! गेल्या महिन्यात मी एका पोराला चौथ्या मिनिटाला दुसरा फाऊल दिला. तो ज्याच्या छातीवर आदळला, तो बचाव करणारा आधीच जागेवर उभा होता, निर्णय बरोबरच होता. कोचने त्याला हाफ संपेपर्यंत बसवून ठेवलं. पोरगं टॉवेल डोक्यावर घेऊन बसलं, टीमची नऊ पॉइंटची आघाडी गेली ती गेलीच. दुसऱ्या हाफमध्ये त्याने एकही फाऊल केला नाही. म्हणजे तीन फाऊल न वापरताच घरी नेले. मॅच संपल्यावर कोच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "त्या एका शिट्टीने घालवलं." मी स्कोअरशीटवर सही केली आणि पुढच्या मॅचसाठी बॉल घेतला.