जनगणना २०११ चीच, मग महापालिकेचे वॉर्ड दर वेळी का बदलतात?

तुम्ही विचारलंय की २०११ नंतर जनगणना झालेलीच नाही, तरी मुंबईत २२७ चे २३६ आणि पुन्हा २२७ वॉर्ड कसे झाले, आणि पुण्यात प्रभाग कधी तीनचा तर कधी चारचा कसा होतो. थोडक्यात उत्तर असं की लोकसंख्येचे आकडे तेच राहिले, कायदा बदलत गेला. नगरसेवक किती असावेत आणि एका प्रभागातून किती निवडून द्यायचे, हे राज्याच्या महापालिका कायद्यांत लिहिलेलं असतं. ते कायदे साध्या बहुमताने बदलता येतात आणि घाई असेल तर अध्यादेश काढूनही.

लोकसभा-विधानसभेचं असं नाही. त्यांच्या हद्दी स्वतंत्र पुनर्रचना आयोग आखतो, आणि जागांची संख्या तर घटनेनेच २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवली आहे. म्हणून तुमचा विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून तोच आहे, मधे सरकारं कितीही बदलली तरी. महापालिकांपुरतं घटना एवढंच सांगते की लोकसंख्या म्हणजे ज्या शेवटच्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झालेत ती. रचनेचे बाकीचे बरेचसे नियम राज्यांवर सोडलेत.

मुंबईचाच हिशेब करून पाहा. २०११ ची लोकसंख्या १,२४,४२,३७३. २२७ ने भागलं तर वॉर्डामागे सरासरी ५४,८१२ माणसं येतात, २३६ ने भागलं तर ५२,७२२. फरक दोन हजारांच्या आसपास. २०१७ च्या निवडणुकीआधी याच आकड्यांवर २२७ वॉर्डांच्या हद्दी आखून झाल्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने लोकसंख्या वाढल्याचं कारण देऊन ९ जागा वाढवल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने त्या रद्द केल्या, आणि त्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळली. लोकसंख्या वाढली होती यात शंका नाही, पण कोणत्या भागात किती वाढली हे सांगणारी नवी जनगणना हातात नव्हती. आणि रचना करताना उत्तरेकडून सुरुवात करून क्रमाने दक्षिणेकडे उतरत जातात, त्यामुळे वर एक वॉर्ड वाढला की खालच्या अनेकांच्या हद्दी सरकतात. नऊ जागांचा निर्णय नऊ वॉर्डांपुरता राहत नाही तो यामुळे.

मुंबईबाहेर प्रश्न सदस्यसंख्येचा आहे. २००२ मध्ये त्रिसदस्यीय प्रभाग, २००७ मध्ये एकसदस्यीय, २०१२ मध्ये द्विसदस्यीय, २०१७ मध्ये चारसदस्यीय. मग २०१९ मध्ये पुन्हा एक, २०२१ मध्ये तीन, २०२२ मध्ये चार. २०१७ आणि २०२६ च्या निवडणुका एकाच पद्धतीने झाल्या खऱ्या, पण मधल्या काळात कायदा तीनदा फिरला. पुण्यात आता एका चारसदस्यीय प्रभागात सरासरी ८४ हजारांच्या घरात लोकसंख्या येते, तीही २०११ ची. प्रत्यक्षात ती कितीतरी जास्त असणार. मतदार अ, ब, क, ड अशी चार मतं देतो आणि पुढची पाच वर्षं पाणी आलं नाही की चौघांपैकी कुणाला फोन करायचा ते शोधत बसतो. पक्षाचं पॅनल आणि पैसा पाठीशी नसलेल्या माणसाने एवढ्या मोठ्या प्रभागात प्रचार करायचा तरी कसा? माझ्या मते चारसदस्यीय पद्धतीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे.

हद्दी कोण आखतं, हा भाग लोकांच्या नजरेतून सुटतो. मार्च २०२२ पर्यंत प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे होता. त्या महिन्यात विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने कायदा बदलून तो राज्य सरकारकडे घेतला. कारण असं की सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे ओबीसी आरक्षण अडकलं होतं आणि तिहेरी चाचणीसाठी, म्हणजे हे आरक्षण देण्याआधी न्यायालयाने घातलेल्या तीन अटींसाठी, लागणारी माहिती गोळा करायला वेळ हवा होता. ते कारण खरं होतं, मी ते नाकारणार नाही. पण ज्यांना निवडणूक लढवायची आहे त्यांच्याच हातात नकाशा देणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, तेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश दिल्यानंतर. जवळजवळ चार वर्षं देशातल्या सगळ्यात श्रीमंत महापालिकेचा अर्थसंकल्प प्रशासकांनी मंजूर केला. घटना म्हणते की मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे.

मी स्वतः आमच्या शहरातल्या प्रारूप, म्हणजे कच्च्या, प्रभाग रचनेवर हरकत घेतली होती. आमची वस्ती रेल्वे रुळांच्या एका बाजूला आणि प्रभागाचा मोठा भाग दुसऱ्या बाजूला असं आखलं होतं. मोठे रस्ते, नद्या, रेल्वेमार्ग शक्यतो ओलांडू नयेत असा संकेत असताना. सुनावणीत आमचं ऐकून घेतलं आणि लोकसंख्येचा मेळ बसत नाही म्हणून हरकत नामंजूर केली. त्यातून शिकलेली गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. नुसतं ‘आमची गैरसोय होते’ असं लिहून काही होत नाही. प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या १० टक्के वर किंवा खाली एवढ्यातच राहायला हवी आणि जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी एका प्रगणकाकडे दिलेला घरांचा गट, फोडायचा नसतो. तेव्हा कोणते प्रगणक गट इकडून तिकडे न्यावेत, आणि नेल्यावर दोन्ही प्रभाग या मर्यादेत कसे बसतात, हे आकड्यांनिशी हरकतीत मांडा. प्रारूप प्रसिद्ध झालं की नकाशाबरोबर प्रगणक गटांची यादीही मागून घ्या.

आता पुढचं. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या. ते आकडे आले की २९ महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा, सगळ्यांची रचना नव्याने करावी लागेल. त्याआधी कायद्यात एक गोष्ट पक्की व्हायला हवी: जागांची संख्या आणि सदस्यपद्धत नव्या जनगणनेचे आकडे आल्यावरच, एकदाच बदलायची, मधे नाही. आणि आखणीचं काम सरकारकडून काढून घ्यायचं. केरळमध्ये स्थानिक संस्थांसाठी पुनर्रचना आयोग असतो आणि राज्य निवडणूक आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. तिथेही वाद होतात, सरकारी सचिव त्यात असतातच, पण निदान नकाशा कुणी आखला ते लोकांना माहीत असतं.

ही दुरुस्ती आत्ताच शक्य आहे. महापालिकांच्या निवडणुका नुकत्याच झाल्यात, नवे आकडे कुणाच्या बाजूने जातील हे अजून एकाही पक्षाला ठाऊक नाही. तुमच्या आमदारांना पत्र लिहायचं असेल तर मसुदा करायला मी मदत करेन, इथेच प्रतिक्रियेत सांगा.