चिकाची कॅप्सूल आणि अर्धी चपाती

प्रश्न : माझ्या मुलाला (वय 19) सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचं दीड वर्षापूर्वी कळलं. रक्तातलं टीटीजी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडं) वाढलेलं होतं, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून खात्री केली. तेव्हापासून त्याला गहू बंद आहे, शाळूची भाकरी खातो. वजन भरलं, पण मधूनच पोट बिघडतं आणि टीटीजी अजून पूर्ण उतरलेलं नाही. माझ्या दिरांनी गाईच्या चिकापासून बनवलेल्या कॅप्सूल आणल्यात. ‘नैसर्गिक आहे, आतडं भरून येतं, दोन घेतल्या की चपाती पचते,’ असं ते म्हणतात. महिनाभर कॅप्सूल देऊन रोज अर्धी चपाती खायला घालावी आणि त्रास होतो का बघावं, असं मनात आहे. करू का?
– एक आई, सांगली

उत्तर : नका करू, ताई. कॅप्सूलचं नंतर बघू, पण ती अर्धी चपाती त्याच्या ताटात येऊ देऊ नका.

एका चपातीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते. त्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. इटलीतल्या संशोधकांनी सीलिअ‍ॅकच्या रुग्णांना तीन महिने रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं होतं. 2007 साली त्याचे निष्कर्ष आले : एवढ्यानेही आतड्याच्या अस्तरावरचे अंकुर खराब झाले. तुमच्या अर्ध्या चपातीत याच्या पंचवीसपट तरी ग्लूटेन आहे. आणि इजा झाली तरी पोट दुखेलच असं नाही. कित्येकांना काहीच जाणवत नाही, आत मात्र अंकुर झडत राहतात, लोह आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून ‘त्रास होतो का बघू’ ही परीक्षाच इथे चालत नाही.

आता चिकाबद्दल. सांगलीकडच्या माणसाला खरवसाचं कौतुक काय सांगायचं! चिकात प्रथिनं भरपूर, शिवाय वासराला संरक्षण देणारी प्रतिपिंडं आणि लॅक्टोफेरिन असतं. वेदनाशामक गोळ्यांमुळे आतड्याला होणाऱ्या इजेवर त्याचे छोटे प्रयोगही झालेत. पण तो प्रश्न वेगळा, तुमच्या मुलाचा वेगळा. ग्लूटेनमधल्या ग्लायडिन या प्रथिनाचा 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा आपल्या पाचकरसांना तुटतच नाही, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं. सीलिअ‍ॅकमध्ये शरीर अशाच तुकड्यांवर उलटतं. तो तोडणारं चिकात काही नाही. चपाती ‘पचवण्याचा’ दावा तिथेच संपतो.

ग्लूटेन तोडण्यासाठीच मुद्दाम बनवलेल्या एका एन्झाइमची चाचणी सुमारे 500 रुग्णांवर झाली. काही गटांना औषधाचे कमी-जास्त डोस होते आणि एका गटाला औषध नसलेला नकली डोस होता. 2017 मध्ये निकाल आला. नकली डोस घेणाऱ्यांचीही तब्येत सुधारली, आणि औषधवाल्यांचे अंकुर त्यांच्यापेक्षा काही जास्त सुधारले नाहीत. चाचणीत नाव घातलं की माणूस खाण्यापिण्याला जपतो, त्याचा हा गुण असू शकतो. घरी महिनाभर केलेल्या प्रयोगात हे वेगळं कसं काढणार? आजवर सीलिअ‍ॅकवर कुठलंही मान्यताप्राप्त औषध नाही. असं औषध आलं तर सगळ्यात आधी मीच या पानावर लिहीन.

तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटते ती टीटीजी न उतरण्याची. म्हणजे कुठून तरी गहू पोटात जातोय, अशी मला दाट शंका आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी पहिला प्रश्न विचारते : शाळू कुठे दळता? कोपऱ्यावरच्या गिरणीत आधीच्या बाईचा पाच किलो गहू उतरला, की त्याच जात्यात तुमचा शाळू पडतो. जात्याच्या खाचांत आणि खालच्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ असतंच. ‘झाडून घेतो’ म्हणाले तरी ते निघत नाही. घरगुती छोटी चक्की घ्या, किंवा ग्लूटेनमुक्त असं छापलेलं पीठ आणा. आपल्याकडच्या नियमानुसार त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. त्याची पिठाची चाळणीही वेगळी हवी, जाळीत अडकलेली कणीक धुऊनही जात नाही.

दुसरा प्रश्न हिंगाचा. डबीवरचं बारीक अक्षर वाचा. आपण वापरतो तो बांधानी हिंग बहुतेक वेळा मैदा घालून बनवलेला असतो. तो ताकात, आमटीत, लोणच्यात रोज पडतो. तांदळाच्या पिठाचा मिळतो, तो आणा.

दूधदुभतं बंद करू नका, त्याच्या हाडांना ते हवंय. दुधानेच पोट फुगत असेल तर कारण असं की लॅक्टोज (दुधातली साखर) पचवणारं एन्झाइम त्याच अंकुरांच्या टोकाला तयार होतं. अंकुर सुधारले की बहुतेकांना दूध परत सोसतं, तोवर दही-ताक द्या. चिकाची कॅप्सूल औषध म्हणून नको. द्यायचीच असेल तर ग्लूटेनमुक्त असल्याचं लेबल बघा, डॉक्टरांना दाखवा, आणि तीन-चार महिन्यांनी टीटीजी पुन्हा करा. दिरांचा जीव आहे पुतण्यावर, त्यांनाच चक्की आणायला सांगा.

प्रश्न : पोळी खाल्ली की पोट फुगायचं, म्हणून मी गहू सोडला आणि दह्याची प्रोबायोटिक पावडर सुरू केली. छान वाटतं. तपासणी कधी केली नाही. गरज आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे. गहू सोडल्यावर टीटीजी नॉर्मल येऊन फसवू शकतं, म्हणून पोटविकारतज्ज्ञांना भेटून, त्यांच्या देखरेखीखाली काही आठवडे गहू खाऊन मगच तपासणी करा. सीलिअ‍ॅक नसेल तर दोष ग्लूटेनचा असेलच असं नाही. ऑस्लोमध्ये 59 जणांना काय खातोय हे कळू न देता वड्या दिल्या, तेव्हा ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टान या न पचणाऱ्या कर्बोदकाने जास्त पोट फुगलं. फ्रुक्टान गव्हात असतं तसंच कांद्या-लसणातही. पावडर आणि गहूबंदी एकदम सुरू केल्यामुळे गुण कशाचा, हे आज सांगता येणार नाही. तपासणी झाली की एका वेळी एकच बदल करा आणि रोज काय खाल्लं ते वहीत लिहा. ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.