दुसऱ्या डोसला गप्प राहणारा उंदीर

प्रिय,

एंडोटॉक्सिन-सहनशीलतेवरच्या, म्हणजे आधीच्या डोसमुळे पुढच्या डोसला प्रतिसाद मंदावण्यावरच्या तुझ्या टिपणातला 'पेशी दमल्या' हा शब्दप्रयोग आधी खोडून टाक. एलपीएसच्या (जिवाणूंच्या आवरणातल्या विषाच्या, म्हणजेच एंडोटॉक्सिनच्या) दुसऱ्या डोसला मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन फारसं सोडत नाहीत, पण काही जंतुनाशक जनुकं त्यांच्यात तेव्हाही सुरूच असतात. २००७ सालच्या कामातून हेच दिसलं: क्रोमॅटिनवरच्या (डीएनए आणि त्याभोवतीच्या प्रथिनांवरच्या) खुणा बदलतात आणि दाह वाढवणारी जनुकं तेवढी निवडून बंद होतात. ही थकावट नव्हे.

आता हे सिद्ध कसं करायचं? पेशींना १० नॅनोग्रॅम प्रति मिली एलपीएस २४ तास दे, तीनदा धू, दोन तास विसावू दे, मग १०० नॅनोग्रॅम. टीएनएफ चार ते सहा तासांनी मोज. गट चार हवेत, आणि बहुतेक जण गाळतात तो नेमका महत्त्वाचा: पहिला डोस एलपीएस, दुसऱ्या वेळी नुसतं माध्यम. धुणं अपुरं पडलं तर आधीचा टीएनएफ तिथे उघडा पडतो. पेशी जिवंत आहेत का, तेही तपास. मेलेली पेशीही गप्पच असते.

उंदरात घोटाळा वेळेचा होतो. रक्तातला टीएनएफ तासा-दीड तासात शिखर गाठतो आणि लगेच ओसरतो. सहा तासांनी रक्त घेतलंस तर सगळेच प्राणी सहनशील दिसतील! इंजेक्शनही रोज एकाच वेळी दे; दिवसाच्या प्रहरानुसार उंदरांची एंडोटॉक्सिनला दाद देण्याची पातळी बदलते.

सहनशीलता दोन प्रकारची असते, हे विसरू नकोस. पहिल्या काही दिवसांतली पेशींची; ती ओ-अँटिजेन (एलपीएसचा जिवाणूच्या प्रकारानुसार बदलणारा भाग) पाहत नाही, म्हणून ई. कोलाय जिवाणूच्या ओ१११:बी४ प्रकाराचं एलपीएस दिल्यावर ओ५५:बी५ प्रकारालाही प्रतिसाद मंदावतो. नंतरची प्रतिपिंडांची; ती मुख्यतः त्याच प्रकाराला ओळखते. दुसरा डोस वेगळ्या प्रकाराचा दिलास की दोन्ही वेगळ्या काढता येतात.

एलपीएसची शुद्धता सी३एच/एचईजे जातीच्या उंदरांवर पाहा. त्यांचा टीएलआर४, म्हणजे एलपीएस ओळखणारा ग्राहक, उत्परिवर्तनामुळे निकामी आहे. तरी ते जोरात प्रतिसाद देऊ लागले, तर तुझ्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटीन (दुसऱ्या ग्राहकावर चालणारं जिवाणूंचं प्रथिन) मिसळलंय असं धर. काचेची भांडी २५० अंश सेल्सियसला अर्धा तास भाज. ऑटोक्लेव्हने (दाबाखालच्या वाफेने) जंतू मरतात, एंडोटॉक्सिन तसंच राहतं.

टीएनएफचेच डोस पुन्हापुन्हा देणार असशील तर ते उंदराचंच प्रथिन असू दे. मानवी टीएनएफविरुद्ध उंदरात प्रतिपिंडं तयार होतात, आणि त्यांनी निष्प्रभ केलेल्या डोसला आपण सहनशीलता समजून बसतो. शिवाय त्या नमुन्याचा थोडा भाग उकळून वेगळा टोच: प्रथिन उकळल्याने बिघडतं, एलपीएस टिकतं. उकळलेल्या नमुन्यानेही परिणाम झाला, तर तू इतके दिवस टीएनएफ नव्हे, एलपीएस टोचत होतास.