प्रॉक्सी सर्व्हर : तोतया की मुखत्यार?

प्रश्न असा आहे : 'वर्गात प्रॉक्सी लावणं म्हणजे खोटी हजेरी. मग प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे बनावट सर्व्हर का? मराठीत छद्म-सर्व्हर म्हटलं तर चालेल?'

नाही चालणार. प्रॉक्सी सर्व्हर म्हणजे आपल्या आणि इंटरनेटच्या मध्ये राहून मागण्या पोचवणारा संगणक. हजेरीच्या प्रॉक्सीने या शब्दाचं नाव खराब केलं, एरवी तो चांगल्या घरचा आहे.

मूळ लॅटिन. 'प्रो' म्हणजे -साठी, -च्या वतीने. 'कूरा' म्हणजे काळजी. दुसऱ्याच्या कामाची काळजी वाहणं ते 'प्रोकुरारे'. त्यावरून इंग्रजीत 'प्रॉक्युरसी' आलं आणि ते झिजत झिजत १५व्या शतकात 'प्रॉक्सी' उरलं. याच घराण्यातल्या 'प्रॉक्युरेटर'चं झिजून 'प्रॉक्टर' झालं. म्हणजे परीक्षेला दुसऱ्याच्या नावावर बसलेला प्रॉक्सी आणि त्याला पकडणारा प्रॉक्टर, म्हणजे परीक्षेवरचा पहारेकरी, ही एकाच आजोबांची नातवंडं! 'प्रॉक्सिमिटी'शी, म्हणजे जवळपणाशी, मात्र याचं काही नातं नाही. आपल्या 'परोक्ष'शीही नाही, कानाला कितीही सारखा लागला तरी.

तेव्हा प्रॉक्सी म्हणजे अधिकार देऊन आपल्या वतीने पाठवलेला माणूस, किंवा तो अधिकारच. कंपनीच्या सभेला जाता आलं नाही तर भागधारक मतदानासाठी प्रॉक्सी नेमतो, तो हाच जुना अर्थ.

संगणकातही तोच. १९९४ साली आरी लुओटोनेन आणि केव्हिन ऑल्टिस यांनी वेब-प्रॉक्सींवर निबंध लिहिला. तेव्हाची अडचण अशी, की फायरवॉलच्या (संस्थेचं जाळं बाहेरच्यांपासून राखणाऱ्या भिंतीच्या) आत बसलेल्यांना बाहेरचं वेब दिसत नसे. मग फायरवॉलवर एक प्रॉक्सी बसवायचा. आतल्यांनी त्याला सांगायचं, त्याने बाहेर जाऊन पान आणून द्यायचं. एकदा आणलेलं पान तो जपून ठेवू शकतो, म्हणजे दुसऱ्याने तेच मागितलं की पुन्हा हेलपाटा नको.

हा फरक ब्राउझरच्या मागणीतच दिसतो. थेट सर्व्हरशी बोलताना ब्राउझर मागणीच्या पहिल्या ओळीत नुसता पानाचा मार्ग सांगतो, कारण घर ओळखीचं असतं. साध्या, म्हणजे कूटबद्ध नसलेल्या, एचटीटीपीत (वेब-पानांच्या देवघेवीच्या ठरलेल्या रीतीत) प्रॉक्सीमार्फत जाताना मात्र तिथेच संकेतस्थळाच्या नावासकट पूर्ण पत्ता सांगावा लागतो. निरोप्याला जायचं कुठे ते कळायला हवं ना. ओळख मागणारे त्रुटी-क्रमांकही दोन आहेत. ४०१ आला तर ओळख संकेतस्थळ मागतंय, ४०७ आला तर दारातला प्रॉक्सीच अडवतोय.

आता 'छद्म' का नको ते पाहा. खोटी हजेरी लावणारा दुसऱ्याचं नाव घेऊन 'हजर' म्हणतो. प्रॉक्सी सर्व्हर नेमकं उलट करतो : काम दुसऱ्याचं, पण पत्ता स्वतःचा. पलीकडच्या संकेतस्थळाला जोडणी प्रॉक्सीच्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावरून) आलेली दिसते. पहिला तोतया, दुसरा तोतया नाही. पत्ता लपवायला लोक प्रॉक्सी वापरतात हे खरं, पण तो त्याचा एक उपयोग झाला, अर्थ नव्हे.

'मध्यस्थ सर्व्हर' असंही कोणी सुचवतं. मला ते अपुरं वाटतं. मध्यस्थ दोघांचा असतो, आणि जाळ्यात मध्ये उभे राहणारे तर कितीतरी. माहितीला वाट दाखवणारा राउटरही मध्येच असतो. प्रॉक्सीला बाजू असते. म्हणून समजावून सांगताना मी 'मुखत्यार' म्हणतो. मूळ अरबीत मुख्तार म्हणजे निवडलेला, नेमलेला. आपला 'अखत्यार'ही त्याच धातूचा. हा शब्द घेतला की 'रिव्हर्स प्रॉक्सी'चं कोडंही सुटतं. साधा प्रॉक्सी मागणाऱ्याचा मुखत्यार, रिव्हर्स प्रॉक्सी देणाऱ्याचा. तो संकेतस्थळाच्या दारात बसून आलेल्या मागण्या घेतो आणि आतल्या सर्व्हरांना वाटून देतो. त्याला 'उलटा प्रॉक्सी' म्हटलं तर कोणाला काय कळणार? रोजच्या लिहिण्यात 'प्रॉक्सी सर्व्हर' असंच राहू द्यावं. फक्त लिंग सांभाळा : वर्गात लावतात 'ती' प्रॉक्सी, जाळ्यातला 'तो' प्रॉक्सी.

जाता जाता एक गंमत. पुष्कळ प्रॉक्सी पुढे पाठवलेल्या मागणीवर 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' अशी ओळ जोडतात आणि तिच्यात मूळ मागणाऱ्याचा पत्ता लिहितात. तिथला 'फॉर' म्हणजे अर्थाने लॅटिनमधला तो 'प्रो'च.